नवल मिस्तरीसाठी वाजलेला बँड

मनुष्यास बहीण असण्याचे मोल किती, हे ज्याला चार बहिणी आहेत त्यास कधीही कळावयाचे नाही. ते अमळनेरच्या नवल मिस्तरीस विचारावे. नवल हा आईबापांचा एकुलता एक, आणि त्याचे वडीलही एकुलते एक. म्हणजे सख्खी नाही तर नाही, चुलत बहीणसुद्धा विधात्याने त्याच्या वाट्यास ठेवली नव्हती. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, याचे त्यास दुःख नव्हते. शेती नव्हती, याचेही नव्हते. परंतु बहीण नाही, हे शल्य त्याच्या अंतःकरणात बाभळीच्या काट्यासारखे रुतून बसले होते, आणि दर वर्षी लग्नसराई आली की ते ठणकत असे.

याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या खानदेशात बहिणीच्या घरी मुलाचे अगर मुलीचे लग्न निघाले, म्हणजे तिचा भाऊ आहेर घेऊन येतो. परंतु तो सरळ घरात शिरत नाही. तो गावाच्या तोंडाशी, म्हणजे गावदरीवर, थांबतो. मग बहिणीच्या घरून बँड निघतो, एखादी वडीलधारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे होते, आणि मामास वाजत-गाजत दारापर्यंत आणले जाते. राजाला मिळत नसेल असा हा मान आहे. तो फक्त मामाचा. पैसेवाल्याने मागितला तरी त्यास मिळत नाही, आणि ज्याला बहीण नाही त्याने कोणाकडे मागावा?

त्यातून नवल पडला वाजंत्रीचा वेडा. त्याचा धंदा भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. कोणाचा भाता फाटला, कोणाच्या पट्टीचा सूर अडकला, की पेटी नवलच्या दुकानात येई. परंतु रस्त्याने बँड जाऊ लागला की ओठांत धरलेले चार स्क्रू तसेच ठेवून हा मनुष्य बाहेर पडे आणि क्लॅरिनेटवाल्याच्या शेजारून चालू लागे. अनोळखी वरातीत तो पार दुसऱ्या वेशीपर्यंत जाऊन येई. एकदा एका वऱ्हाड्याने त्यास हटकले होते.

"मिस्तरी, तुम्ही नवरदेवना बाजूना का नवरीना बाजूना?"

"मी बँडना बाजूना," नवल स्क्रू सांभाळीत म्हणाला.

वाचकांना वाटेल की, निदान स्वतःच्या लग्नात तरी या गृहस्थापुढे बँड वाजला असेल. तर नाही. त्याचे लग्न सामुदायिक सोहळ्यात झाले. जोडपी एकवीस, बँड एक, आणि तो पहिल्या जोडप्यापुढे. नवल व उषा यांचा नंबर एकोणिसावा होता. तेथपर्यंत फक्त ढोलाची धमक पोहोचली. सूर पोहोचले नाहीत.

असो. गेल्या वैशाखातील गोष्ट. अमळनेर-धुळे रस्त्यापासून थोडे आत निमतळे नावाचे गाव आहे. तेथील भजनी मंडळाचे प्रमुख तोताराम नाना यांची पेटी दुरुस्त झाली होती, ती पोहोचविण्यासाठी नवल एसटीत बसला. पेटी उषाने एका लाल फुलाफुलांच्या चादरीत नीट गाठ मारून बांधून दिली होती. ऊन असे होते की केळीची पाने दुपारच्या आधीच माना टाकीत होती. म्हणून नवलने डोक्यास मोठा रुमाल गुंडाळला. तो रुमालच होता. परंतु दुरून पाहणाऱ्यास तो फेटा वाटला, तर पाहणाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही.

त्याच दिवशी निमतळ्यात रुपचंद यांच्या सारिकाचे लग्न होते. सारिकाची आई पुष्पाबाई. आणि पुष्पाबाईचा भाऊ धनसिंग, राहणार भडगाव, हा साडेदहाच्या गाडीने आहेर घेऊन येणार होता. त्यास घेण्यासाठी बँड गावदरीवरच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला. खरे तर सोबत रुपचंद स्वतः जावयाचे. परंतु मंडपातील जनरेटर ऐन वेळी रुसला, आणि ते त्याची मनधरणी करीत बसले. म्हणून त्यांची आत्या धुरपदाबाई, जिला सारे गाव धुरपदा अक्का म्हणते, ती तांब्या घेऊन बँडबरोबर गेली. अक्काचे वय पंच्याहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन लग्नानंतर करावयाचे ठरले होते, कारण लग्नात पापड कोण मोजणार?

साडेदहाची गाडी आली. एकच मनुष्य उतरला. डोक्यास गुंडाळलेले, त्यावर लाल गाठोडे.

बँडमास्तरने विचारले, "अक्का, हाऊच का मामा?"

अक्काने पाहिले. पाहिले असे म्हणणे धाडसाचे होईल. तिने त्या दिशेला तोंड केले. मग म्हणाली, "फेटा शे, डोकावर आहेर शे, साडेदहानी गाडी शे. मंग दुसरा कोन ऱ्हाई? वाजाडा."

नवल पुढे आला व नम्रपणे म्हणाला, "अक्का, मी मामा नही, मी पेटी लई—"

ढोल पडला.

सत्य हे स्वभावतः मंद आवाजाचे असते, आणि ढोल हा ढोल असतो. नवलने क्लॅरिनेटवाल्याच्या कानाशी जाऊन खुलासा करण्याचा प्रयत्न केला. क्लॅरिनेटवाल्याचा समज झाला की मामांना आणखी वरचा सूर पाहिजे. त्याने गाल फुगविले आणि असा सूर लावला की लिंबावरील कावळे शेजारच्या शिवारात गेले. हे पहिले गाणे झाले.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी नवलने अक्कास गाठले. अक्काने त्याच्या पायांवर तांब्यातील पाणी ओतले, त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बोलू नको भाऊ. मान शे. चाल."

तिसऱ्या गाण्याला नवलने कोणासही काही सांगितले नाही.

या जागी कोणी त्यास खोटारडा म्हणेल, तर ते न्यायाचे होणार नाही. खोटे तो एक अक्षर बोलला नव्हता. फक्त खरे बोलण्याची जी घाई त्यास पहिल्या गाण्यात होती, ती तिसऱ्यात उरली नव्हती. लाल कोटातील अकरा माणसे त्याच्याकडे तोंड करून, उलटी पावले टाकीत वाजवीत होती. बायका ओट्यांवर येऊन पाहत होत्या. खुळखुळेवाला तर त्याच्या अगदी नाकासमोर खुळखुळा हलवीत होता. आयुष्यभर जो मनुष्य बँडच्या शेजारून चालला, त्याच्या समोरून आज बँड चालला होता. नवलचे पाय आधी ठेक्यावर हलले, मग उचलले गेले, आणि मग एका हाताने डोक्यावरील पेटी धरून, दुसरा हात आभाळाकडे करून तो नाचू लागला.

गाठोड्याखालचे तोंड कोणास नीट दिसत नव्हते. लोक म्हणाले, "धनसिंग यंदा नाचस का काय? मागे तर मैलना दगडमायक उभा ऱ्हाये."

दाराशी पुष्पाबाई आरतीचे ताट घेऊन उभी होती. मुलीचे लग्न, भावाचे आगमन, डोळे आधीच भरलेले. तिने मान खाली घालूनच पुढे होऊन आरती ओवाळली, कपाळी कुंकू लावले, अक्षता टाकल्या, आणि मग भावाचे तोंड पाहण्यासाठी वर पाहिले.

"तुम्ही कोन शेतस?"

नेमका त्याच क्षणी बँड थांबला. आणि गावात शिरल्यापासून प्रथमच नवलचा आवाज सर्वांस स्वच्छ ऐकू आला.

"मी नवल मिस्तरी. पेटी लई उनू."

मंडपात आता भट्टीवरील वांग्याच्या भाजीचा रटरटाटही ऐकू येत होता. मग सगळ्यांनी अक्काकडे पाहिले.

"मन्हाकडे काय देखतस?" अक्का म्हणाली. "मी बरोबर वळखं. मानुस बदली गया व्हई."

इतक्यात रुपचंदांच्या खिशातील फोन वाजला. पलीकडे धनसिंग होता. फेट्याच्या पिळासाठी थांबल्याने त्याची गाडी चुकली होती. तो मागाहून रिक्षाने आला होता, आणि त्याने आतापर्यंत सात फोन केले होते. ते बँडमुळे कोणास ऐकू गेले नव्हते.

"मी गावदरीवर पुलावर बसेल शे," धनसिंग म्हणाला. त्याचा आवाज फोनबाहेरही येत होता. "आठे कोनी नही. एक कुत्रं शे, ते बी झोपेल शे. बँड येत नही तोपावत मी उठाव नही. माघारे जाई लागसू."

रुपचंदांनी बँडमास्तरकडे पाहिले. बँडमास्तरने गावाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. तिकडे धुळ्याहून नवरदेवाचे वऱ्हाड येऊन उतरले होते, आणि त्यांचा निरोप्या दारात उभा होता. वरपक्षास उन्हात तिष्ठत ठेवणे म्हणजे जन्माचा टोमणा विकत घेणे. बँड तिकडे गेला. पुष्पाबाई ताट हातात घेऊन तशीच ओट्यावर बसली.

"दादा नही उना ते सारिकाना मांगे कोन उभं ऱ्हाई?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे जे भावाच्या आनंदाने भरले होते ते आता दुसऱ्या कारणाने वाहू लागले.

धनसिंगची बायको चार दिवसांपासून येथेच होती. ती आतून लाटणे घेऊन आली. "बसू द्या तेले उन्हमा," ती म्हणाली. "मन्हा लगीनमा बी असाच बसेल व्हता. चहा देखीसन उठना." परंतु आज चहानेही काम होईल असे दिसत नव्हते. रुपचंदांनी फोनवर चहाचे नाव काढताच पलीकडून फोन बंद झाला.

नवल हे सर्व पाहत होता. त्याच्या कपाळावर पुष्पाबाईने लावलेले कुंकू होते, आणि त्या वेळी ते त्यास निखाऱ्यासारखे वाटले. दुसऱ्याच्या ताटातील पुरणपोळी आपण खाल्ली, आणि ताटाचा धनी उपाशी बसला, असा हा प्रकार झाला होता. तो पुढे झाला.

"बाई, तुमना भाऊना मान मी खादा. तो मीच पोचाडस. बँड नही ते नही. पेटी शे ना."

त्याने गाठ सोडली. पेटीस नवा पट्टा लावलेला होता, तो गळ्यात अडकविला. तोताराम नाना आपल्या पेटीच्या ओढीने मंडपात आलेच होते. त्यांनी मंडळाच्या चार असामी हाका मारून उठविल्या. कोणी मृदंग बांधला, कोणी टाळ घेतले. पुढे नवल व ते पाच जण, मागे अक्का नवा तांब्या भरून, तिच्यामागे पदराने डोळे पुसणारी पुष्पाबाई, आणि तिच्या मागे दहा-बारा बायका, अशी ही मिरवणूक गावदरीकडे निघाली.

येथे एक बारीकशी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. निमतळ्यात सप्ताह बंद पडून सात वर्षे झाली होती. तेव्हापासून हे मंडळ अंत्ययात्रेखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी रस्त्यावर उतरलेले नव्हते. त्यामुळे मंडळींची पावले आपोआप तशीच पडत: एक पाऊल, थांबा, दुसरे पाऊल, थांबा. गळ्यातून निघे तेही तसेच. आणि निमतळ्याची स्मशानभूमी गावदरीच्याच रस्त्याला, पुलापलीकडे आहे.

धनसिंगने दुरून टाळांचा आवाज ऐकला. मान वर करून पाहिले. संथ पावले, मृदंग, खाली घातलेल्या माना, मागे रडणारी बाई. त्याच्या मनातील राग तेथेच विरला. मृत्यूपुढे रुसवा टिकत नाही, हे त्यास वडिलांनी शिकविले होते. तो झटकन पुलावरून उठला, फेटा काढून काखेत धरला, आणि हात जोडून रस्त्याच्या कडेस उभा राहिला.

मंडळ जवळ आले. त्याने हळूच तोताराम नानांना विचारले, "कोन गयं, नाना?"

"कोनी नही," नाना टाळ न थांबविता म्हणाले. "तुले लेवाले उनूत."

धनसिंगच्या चेहऱ्याचा रंग कापसाच्या बोंडासारखा झाला. तो दोन पावले मागे सरला. "मी जित्ता शे," तो म्हणाला. तेवढ्यात अक्काने पुढे होऊन अंदाजाने तांब्या ओतला. अर्धे पाणी त्याच्या पायांवर पडले, अर्धे त्या कुत्र्यावर; कुत्रे मात्र जागे झाले.

"उठना ना तू?" अक्का म्हणाली. "उठाव नही सांगे. उठना, मंग आते चाल."

धनसिंगास आपली चूक कळली, पण उठलेला मनुष्य पुन्हा बसला तर शोभत नाही. त्याने फेटा डोक्यावर ठेवला आणि सर्वांवरून नजर फिरविली. ती नवलवर येऊन थांबली.

"मन्हा बँड कोन लई गया?"

"मी," नवल म्हणाला. "खोटं बोलनू नही. पण खरं सांगाले जोर बी कया नही. माले बहीन नही, भाऊ. बँड मन्हा म्होरे कधय वाजेल नही."

धनसिंगने फेटा सरळ केला. "कितला वाजाडा?"

"तीन गाना."

"तीन?" धनसिंग पुष्पाबाईकडे वळला. "मागे, मोठा पोऱ्याना लगीनमा, माले दोनमाच आटपाडं व्हतं."

"दादा, तू नाचस कोठे?" पुष्पाबाई डोळे पुसता पुसता म्हणाली. "मान पाह्यजे, आनि तोंड असं करस जसं दात काढाले लई चालनात. वाजाडनारा बी मानुस शे, तेले बी काही वाटस का नही? हाई भाऊ डोकावर पेटी ठीसन नाचना."

"खूब नाचना," अक्का म्हणाली. "मी देखं."



धनसिंगने पेटीकडे पाहिले. चार बहिणींच्या दारी मिळून त्यास नऊ वेळा वाजत-गाजत नेण्यात आले होते, आणि त्यांपैकी एकही गाणे त्यास आठवत नव्हते. त्याने प्रत्येक वेळी फक्त एवढेच पाहिले होते की, कोण आले आणि कोण आले नाही.

"चार बहिनी शेतस माले," तो शेवटी नवलला म्हणाला. "निभत नहीत. एक तू ले."

"बहीन काय वांगं शे, वाटाले?" पुष्पाबाई म्हणाली. पण ती हसत होती.

"मंग वाजाड," धनसिंग नवलला म्हणाला. "पण हाई रडगानं नको. जे तुन्हा म्होरे वाजनं ते वाजाड."

नवलने डोळे मिटले. ती तिन्ही गाणी त्याच्या बोटांत अजून गरम होती. त्याने भाता ओढला. पहिल्या ओळीस मंडळींची पावले जुन्याच सवयीने अडखळली. दुसऱ्या ओळीस मृदंगवाला घामाघूम झाला. तिसऱ्या ओळीस तोताराम नानांनी, वय वर्षे अडुसष्ट, टाळ डोक्याच्या वर नेले. सात वर्षांत प्रथमच निमतळ्याचे भजनी मंडळ धावत-धावत गावात शिरले. आणि त्यांच्यामध्ये फेटा सांभाळीत, गुडघे भलत्याच दिशेला फेकीत, धनसिंग नाचत होता. त्याला नाच येत नव्हता. त्यामुळे पाहणाऱ्यांस जास्तच आनंद झाला. धनसिंगची बायको लाटणे घेऊन दारात आली, तिने नवऱ्याकडे पाहिले, आणि दाराची चौकट धरली.

तेवढ्यात पलीकडून नवरदेवाची मिरवणूक घेऊन बँड आला. बँडमास्तरने पेटीवर आपलेच गाणे ऐकले, एक डोळा बारीक केला, आणि हात वर करून अकरा जणांस तोच सूर दिला. पेटीचा आवाज त्यात बुडून गेला. परंतु नवलची बोटे चालूच राहिली. कारण आज प्रथमच तो बँडच्या शेजारी नव्हता आणि समोरही नव्हता, तर त्याच्या पोटात होता.

मंगलाष्टके झाली तेव्हा सारिकाच्या मागे दोन मामा उभे होते. एकाच्या हातात आहेराची साडी होती. दुसऱ्याने, काहीतरी हातात असावे म्हणून, पेटी बांधून आणलेली लाल चादर धरली होती. पुष्पाबाईने ती त्याच्या हातातून घेतली आणि आहेराच्या साड्यांवर ठेवून दिली. संध्याकाळी नवल घरी गेला तेव्हा उषाने चादरीची चौकशी केली. तो म्हणाला, "बहीनले दिधी." 

गोष्ट येथे संपली असती तर बरे होते. परंतु यंदाच्या वैशाखात पुष्पाबाईच्या धाकटीचे, दीपमालाचे, लग्न निघाले. पत्रिकेत मामा म्हणून दोन नावे छापली गेली : धनसिंग, भडगाव; आणि नवल मिस्तरी, अमळनेर. नवलने ती पत्रिका दुकानात आरशाशेजारी लावली. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यास धनसिंगचा फोन आला.

"तू कोनती गाडीन येस?"

"साडेदहानी."

"मंग मी साडेनऊनी येस," धनसिंग म्हणाला. "मागलायेळे काय व्हयनं ते आठवस ना."

ठरल्याप्रमाणे साडेनऊच्या गाडीने धनसिंग निमतळ्याच्या फाट्यावर उतरला. फेटा नवा होता. आहेर डोक्यावर होता. इतकेच नव्हे, तर या खेपेस त्याने घरी दार लावून घेऊन आठ दिवस नाचाचा सरावही केलेला होता. समोर बँड सज्ज होता, आणि बँडपुढे तांब्या घेऊन धुरपदा अक्का उभी होती. तिचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यांवर जाड भिंगाचा नवा चष्मा होता, आणि त्यातून तिला आता शेजारच्या शिवारातील बैलाचे शिंगसुद्धा दिसत असे.

बँडमास्तरने ढोलावर टिपरी ठेवण्याची खूण केली. अक्काने हात वर करून त्यास थांबविले. तिने धनसिंगला नव्या फेट्यापासून नव्या चपलांपर्यंत, अनेक वर्षांत प्रथमच, स्वच्छ पाहून घेतले.

"थांबा रे," ती म्हणाली. "हाऊ तो नही. आमना मामा पेटीवाला शे."

धनसिंगने सांगून पाहिले. नाव सांगितले, गाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. अक्का म्हणाली की, मागच्या वेळी डोळे नव्हते तरी मी बरोबर ओळखले, आता तर डोळे आहेत. बँडवाल्यांना तिच्या हुकुमाबाहेर जाता येईना. शेवटी धनसिंगने आहेर लिंबाखाली ठेवला आणि सवयीप्रमाणे पुलावर जाऊन बसला. ते कुत्रेही तेथेच होते.

एक तासाने साडेदहाची गाडी आली. दारात, डोक्यास रुमाल गुंडाळलेला, गळ्यात पेटी अडकविलेला नवल दिसताच धनसिंग पुलावरून उठला आणि गाडी पुरती थांबण्याच्या आधीच तिच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

"उतर लवकर," तो म्हणाला. "तुन्हाबिगर वाजाडत नहीत."